दोलोन खिंडीत मेमरी अपुरी

मानाचे थोरले साडूभाऊ जोल्दोशबेक यांना धाकट्या साडूचा, म्हणजे तोलोगोनचा, बालिकचीहून हात छातीवर ठेवून सलाम. इथे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जे आजारी होते ते तसेच आहेत आणि नवं कुणी पडलेलं नाही. सालिमाताईंची तब्येत कशी आहे? पोरं कशी आहेत? गुरंढोरं कशी आहेत? (तुम्ही बिश्केकमध्ये नवव्या मजल्यावर राहता आणि पिंजऱ्यातल्या पोपटाखेरीज तुमच्याकडे दुसरं जनावर नाही, हे मला ठाऊक आहे. पण गुरांची चौकशी न करता पत्र सुरू केलं तर लोक म्हणतील, ढोरांच्या डॉक्टरलाच ढोरांचा विसर पडला. तेव्हा पोपट कसा आहे ते कळवा.) इकडे सरोवरावरून वारा असा सुटलाय की परवा कुणाचं तरी पातेलं आमच्या अंगणात येऊन पडलं. अजून कुणी मागायला आलेलं नाही, म्हणून केंजेगुलने त्यात दूध तापवायला सुरुवात केली आहे.

पत्र कशाला, फोन करायचा की, असं तुम्ही म्हणाल. साडूभाऊ, या घरात फोनवर खासगी काही बोलता येत नाही. सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असतो, आणि दुसऱ्या कानाने त्या शेजारच्या घरातलंही ऐकतात. संदेश लिहावा तर केंजेगुल माझा फोन वाचते, सालिमाताई तुमचा वाचतात, आणि मग दोघी बहिणी आपण काय वाचलं ते एकमेकींना वाचून दाखवतात. म्हणून हे पत्र मिनीबसवाल्याबरोबर पाठवतोय, घोड्याच्या तंगडीच्या पिशवीत, अगदी तळाशी. तंगडी सालिमाताईंना द्या, पत्र तुम्ही घ्या. उलट करू नका.

तर विषय तुमच्या भेटीचा. आबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुम्ही कॉम्प्युटर घेऊन आलात, सोबत स्टिअरिंग, पायाखालचे ब्रेक-क्लच, आणि त्या डब्यावर लाल फीत. शंभर माणसांसमोर तुम्ही उभे राहून म्हणालात, "आबा, डॉक्टरांनी तुम्हाला दोलोनचा घाट बंद केला, मी दोलोन तुमच्या घरी आणलाय." सगळे रडले. मीही रडलो. मी आणलेल्या चहाच्या इलेक्ट्रिक समोवारावर मात्र कुणी रडलं नाही, तो तेव्हापासून दाराजवळ चपलांच्या शेजारी आहे. मी तक्रार करत नाही, नुसतं नोंदवून ठेवतो. आणि खरं सांगायचं तर भेट चांगलीच होती. सासरेबुवा म्हणजे सागिनबाय आबा. या माणसाने अख्खा जन्म बालिकचीच्या डेपोतून माल भरून कोचकोर, सारी-बुलाक, दोलोन, नारीन असा ट्रक हाकला, आणि आता हृदयाचं निमित्त करून डॉक्टरांनी त्यांना सरोवराच्या पातळीवर बसवून ठेवलं. वर त्या ट्रकच्या गेममध्ये आपलेच रस्ते. कोरियात कारखान्यात काम करणाऱ्या कुणा नारीनच्या पोराने घरच्या आठवणीने कुढत बसण्यापेक्षा बालिकची ते नारीन सगळा रस्ता गेमसाठी करून ठेवला, खड्ड्यांसकट. त्याचं भलं होवो.

आबांना त्या रस्त्यावर मजा मारायची नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांना दोलोनचा माथा गाठायचा आहे. तिथे दगड आहे. त्यांचा जोडीदार अब्दिकादिर एका हिवाळ्यात ट्रकसकट तिथून खाली गेला, आणि त्यानंतर आबा जेव्हा जेव्हा तो घाट चढले तेव्हा दगडापाशी उतरले, तळवे उघडून त्याच्यासाठी दुवा मागितली, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि मग पुढे गेले. डॉक्टरांनी घाट बंद केला तशी दुवाही बंद झाली. घरात बसून मागा म्हटलं तर म्हणतात, "तो घरात मेला का?" मी एकदा म्हटलं, आबा, माझ्या सरकारी जीपमधून गुपचूप नेतो. तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तेव्हापासून त्यांच्यासमोर जीपची किल्लीसुद्धा वाजवत नाही.

आता तुम्ही गेल्यावर काय झालं ते ऐका. सासूबाई म्हणाल्या, थोरल्या जावयाने आणलेली वस्तू, ती काय कोपऱ्यात ठेवायची? म्हणून कॉम्प्युटर गेला दारासमोरच्या मानाच्या जागेवर, जिथे आपल्या लग्नात काझीसाहेब बसले होते. मागे भिंतीला गोधड्या आणि गाद्यांची चवड, अगदी छतापर्यंत. दोन्ही बाजूंना उशा. मग त्यांना वाटलं, मानाचा पाहुणा आला की आपण त्याला चापान चढवतो, हा बिचारा उघडाच बसलाय. म्हणून त्यांनी निळ्या मखमलीचा, आत कापूस भरलेला, सोनेरी नक्षीचा चापान त्या डब्याला घातला, पुढून बंद बांधले, आणि वर पांढऱ्या नमद्याची कालपाक टोपी. (मी त्या खोलीत पहिल्यांदा शिरलो तेव्हा सवयीने त्याला सलाम केला. केंजेगुल हे अजून सगळ्यांना सांगते.)

अशा थाटात आबांनी पहिली फेरी काढली. शेजारी, किन्नरच्या जागेवर म्हणा, त्यांचे जुने सोबती दुयशेन. तुम्ही त्यांना ओळखता, मेजवानीत तुमच्या भाषणात मध्येच "आटपा, मांस निवतंय" म्हणाले होते ते. मागे नमद्यावर आणखी दोन-तीन निवृत्त ड्रायव्हर, आणि त्यांच्यामागे मी, कारण घरात शिकलेला जावई मीच आणि शिकलेल्या माणसाला कॉम्प्युटर येतो असा इथे समज आहे. (मी गाईंच्या पोटात हात घालायला शिकलो आहे. पण कोण ऐकतो.) ओर्तो-तोकोयच्या धरणापर्यंत सगळं झकास. कोचकोरला मंडळींनी ओळखीची घरं शोधली. सारी-बुलाक मागे पडलं, घाट लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर बर्फ गुलाबी झाला. मग मेंढ्या जांभळ्या झाल्या. मग आकाशात हिरवे चौकोन आले. दुयशेन म्हणाले, "यंदा वसंत लवकर आला वाटतं." आणि स्क्रीन काळी झाली, वर पाटी: व्हिडिओ मेमरी अपुरी आहे, गेम बंद होत आहे. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घालून वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "या घाटाचं वळण न् वळण मला पाठ आहे, आणि हे डबडं मला सांगतंय मेमरी अपुरी?"

तिथून माझा वनवास सुरू झाला. रोज आबा बालिकचीहून निघतात, रोज त्याच घाटात अडकतात, कधी चार वळणं अलीकडे, कधी दोन वळणं पलीकडे, पण माथा नाही. मी तुम्हाला फोन केला, आठवतं? तुम्ही म्हणालात, "बंद करून परत चालू कर." साडूभाऊ, राजधानीत राहून माणसाला एवढंच सुचत असेल तर तुमच्यापेक्षा पोपट बरा. मग मी इंटरनेटवर गेलो. तिथे जगातले सगळे लोक याच दुखण्याने आजारी आहेत हे पाहून आधी बरं वाटलं. एक म्हणतो, चित्रांचा दर्जा कमी करा. दुसरा म्हणतो, दर्जाला हात लावाल तर खबरदार, चित्रं दाखवणारं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर पुसून नवं घाला. तिसरा म्हणतो, नव्यानेच घोळ आहे, जुनं घाला. चौथा म्हणतो, डिस्कमधली जागा मेमरी म्हणून उसनी द्या. पाचवा विचारतो, तुम्ही असलं कार्ड घेतलंच कशाला, आणि मग सगळे मिळून त्या पाचव्याशी भांडतात. शेवटी कुणी पंच येऊन लिहितो की या प्रश्नाचं उत्तर पूर्वीच दिलं आहे, तिथे पाहा. तिथे पाहिलं तर तोच पंच तेच सांगतोय, आणि बोट इकडे दाखवतोय. असं फक्त आमच्या पशुसंवर्धन खात्यातच चालतं असं मी उगाचच समजत होतो.

तरी मी एकेक करून सगळं केलं. सॉफ्टवेअर पुसलं, नवं घातलं, जुनं घातलं. डिस्कमधून मेमरी उसनी दिली, तेव्हा ट्रक पुढे जाईना आणि शेजारून मेंढपाळ चालत पुढे जायला लागला. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, त्यात सासूबाईंची तुर्की मालिका बंद झाली आणि नायिका दवाखान्यात शुद्धीवर येणार होती नेमकी तेव्हाच. (दोन दिवस माझ्या चहात साखर नव्हती.) शेवटी चित्रांचा दर्जा कमी केला. तर कोचकोरचा बाजार गायब, मेंढ्यांच्या उशा झाल्या, डोंगरांची हजामत झाली. तेही चाललं असतं. पण नकाशा करणाऱ्या पोराने माथ्याचं जे चित्र दिलंय त्यात तो दगड दिसतो, आणि दर्जा उतरवला की बारीकसारीक दगड सगळ्यात आधी जातात. आबांनी ते बरोबर हेरलं. म्हणाले, "दगडच नसेल तर वर जाऊन काय करू? वारा खाऊ?" मी मुकाट्याने दर्जा परत चढवला.

मग आल्या सासूबाई. त्यांचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, दृष्ट लागली. एवढी मोठी भेट, एवढी माणसं, त्यात ती डेपोतल्या कारकुनाची बायको. त्यांनी तव्यावर अदिराशमानच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि तो कडवट धूर घेऊन डब्याभोवती फेऱ्या मारल्या. डब्याच्या पंख्याने धूर असा ओढून घेतला की सासूबाईंचं समाधान झालं, म्हणाल्या, बघा, मागतोय. त्या दिवशी आबा सारी-बुलाकलासुद्धा पोचले नाहीत. मग मी कार्ड उपसून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने ते नाकाला लावून हुंगलं (धूर) आणि म्हणाला, हे कार्ड पूर्वी कुणाच्या तरी गोदामात आभासी नाणी पाडायला रात्रंदिवस राबलेलं आहे, याच्या मेमरीचे टाके सैल झालेत, ओव्हनमध्ये भाजलं की टाके वितळून जुळतात, कधी जुळतात कधी नाही. साडूभाऊ, लाल फितीखाली तुम्ही राबून निवृत्त झालेलं कार्ड दिलंत, याबद्दल मी काही बोलणार नाही. घरी सांगितल्यावर दुयशेन मात्र कळवळले. म्हणाले, "म्हणजे आपल्यातलंच की! मग या वयात त्याला घाट कशाला चढायला लावता?" सासूबाईंनी एवढंच ऐकलं की भाजायचं आहे. मी हातपाय धुवून येईपर्यंत तंदूर पेटला होता, भाकरीचं पीठ मळून तयार होतं आणि कार्ड पिठाच्या ताटात मांडलेलं होतं, कडेला जिरं. मी धावत जाऊन ते उचललं नसतं तर तुमची भेट आम्ही लोण्याबरोबर खाल्ली असती.

तेव्हा मी ठरवलं, दुसऱ्यांच्या विद्या पुरे झाल्या, आता आपली. जनावर घाटात धापा टाकतं आणि बसतं, म्हणजे आधी ताप बघायचा. मी माझ्या पेटीतला थर्मामीटर काढला (धुतला होता) आणि आबा घाटात असताना चापानाच्या बाहीतून हात घालून डब्याच्या जाळीला लावला. पारा गाईच्या खुणा ओलांडून थेट वर जाऊन बसला. इतका ताप असलेल्या गाईला मी औषध देत नाही, मालकाचं सांत्वन करतो. आणि मग मला जे दिसलं ते एखाद्या वासरालाही पहिल्या दिवशी दिसलं असतं. कापसाचा चापान, नमद्याची टोपी, मागे गाद्या, बाजूला उशा, खोलीत भट्टी. बिचारं कार्ड मानापायी शिजत होतं. चापान काढला असता, भिंतीपासून हात-दोन हात सरकवलं असतं, तर कदाचित केव्हाच वर गेलं असतं.

पण काढणार कोण? थोरल्या जावयाची भेट मानाच्या जागेवरून धाकट्या जावयाने हलवायची, तिचा चापान उतरवायचा, डोक्यावरची टोपी काढायची! मी नुसता बंदाला हात लावला तर सासूबाई म्हणाल्या, "जोल्दोशने आणलंय म्हणून तुझ्या पोटात दुखतं, ते मला कळतं हो बाळा. तुझा समोवारही चांगला आहे." झालं. त्या दिवसापासून मी चापानाचं नाव काढलं की ते मत्सराच्या खात्यात जमा. गंमत म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं की डबा तापतो. दुयशेन त्याच्यावर मोजे वाळवत होते. पण बोलून तुमचा अपमान कोण करणार? माणसांचं असंच चालतं, यंत्र मात्र बिचारं स्पष्ट बोलत होतं, रोज, पाटी लावून.

मग मी दुसरी वाट काढली. म्हटलं, आबा, डबा हलवायचा नाही तर नाही, ट्रक थांबवा. सारी-बुलाकला सगळे ट्रकवाले थांबतात, तुम्हीही थांबा, गेम बंद करा, आपण इथे चहा घेऊ, तळलेले बोर्सोक खाऊ, तोवर कार्ड निवेल, मग ताज्या दमाने घाट चढा. यात मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की सांगता सोय नाही. दुयशेनही खूश, कारण ते पहिल्या फेरीपासून रोज सारी-बुलाक आलं की घसा साफ करून "इथला चहा, अहाहा" म्हणत होते आणि आबा गाडी न थांबवता पुढे जात होते. पण आबांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही की माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "सारी-बुलाकला थांबायचं नाही." मी म्हटलं, अहो पण का? कार्डासाठी! तर ओरडले, "ढोरं बघ जा तुझी!" सगळ्या मंडळींसमोर. साडूभाऊ, मला राग आला. इतके दिवस राबून हे फळ? मी कोट घातला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो, वाऱ्यात.

मागून दुयशेन आले. त्यांनी खिशातून तंबाखू काढली, वाऱ्याने ती नेली, ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "रागावू नको डॉक्टर. त्या दिवशी दोन ट्रक होते. सारी-बुलाकला पोचलो तर सागिनबायला चहा हवा होता. अब्दिकादिर म्हणाला, बर्फ वाढतोय, आत्ताच निघू. हा म्हणाला, तू हो पुढे, मी वाटी संपवून आलोच." त्यांनी टोपी कानांवर ओढली. म्हणाले, "मी तेव्हा नारीनकडून येत होतो. वर मला एकाच ट्रकच्या खुणा दिसल्या. त्या दिवसापासून हा यार सारी-बुलाकच्या चहाला शिवला नाही. मी रोज त्याला चहाची आठवण करून देतो ना, ते चिडवायला नाही. कधीतरी थांबेल म्हणून." साडूभाऊ, इतकी वर्षं मी या घरचा जावई आहे, आबांना इतक्या ठिकाणी चहा पिताना पाहिलं, आणि मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं का? मला खात्री आहे, नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाऱ्यात उभं राहून जो राग साठवला होता तो कुठे ठेवावा कळेना.

मी आत गेलो. पेटीतून पांढरा कोट काढून घातला, गळ्यात नळी लटकवली आणि सरकारी आवाजात (हा आवाज मी फक्त खुरकुताच्या साथीत काढतो) जाहीर केलं की या यंत्राला साथीचा ताप आहे, घरात ठेवणं कायद्याने मना आहे, ताबडतोब विलगीकरण, अंगावरचे कपडे काढून उन्हात टाकावेत. सासूबाई दचकल्या. म्हणाल्या, "माणसांना लागतं का रे?" मी म्हटलं, वयस्कर बायकांना आधी. साडूभाऊ, क्षमा असावी, पण जावयाचं ऐकायचं नाही असं ठरवलेली बाई सरकारचं मात्र लगेच ऐकते. त्यांनी स्वतः चापानाचे बंद सोडले. डबा आम्ही पुढच्या थंड व्हरांड्यात नेला, जिथे हिवाळ्याचं घोड्याचं मांस टांगलंय आणि बादलीतलं पाणी दगड होतं. एका बाजूला फऱ्या, दुसऱ्या बाजूला बरगड्या, मध्ये तुमची भेट, उघडीवाघडी, डोक्यावर टोपी नाही.

मंडळी फरचे कोट, फरच्या टोप्या, नमद्याचे बूट घालून येऊन बसली. तोंडातून वाफा निघत होत्या. आबांनी मेंढीच्या कातड्याचा डेपोतला जुना कोट काढून अंगात घातला होता, हातात मोजे, स्टिअरिंग मोज्यांसकट धरलेलं. दुयशेन म्हणाले, "आता खरी दोलोनची हवा आली." आणि साडूभाऊ, डबा चालला. धापा नाही, काही नाही. धरण, कोचकोर, सारी-बुलाक. तिथे दुयशेन पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. घाट लागला. बर्फ पांढरा राहिला. मेंढ्या मेंढ्यांच्या रंगाच्या. ज्या वळणावर रोज हिरवे चौकोन यायचे तिथे मी डोळे मिटले, उघडले तेव्हा आम्ही ते वळण मागे टाकलं होतं. आणि मग चढ संपला, आणि डाव्या हाताला दगड.

आबांनी ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, मोजे काढले. आम्ही सगळ्यांनी तळवे उघडले. मला वाटलं होतं आबा मोठी दुवा मागतील, मेजवानीत मागतात तशी. ते फक्त म्हणाले, "अब्दिकादिर, या वेळी चहाला थांबलो नाही रे." मग, "उशीर झाला." आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. आम्हीही फिरवले. माझे डोळे भरून आले, साडूभाऊ, आणि मी ते कांद्यावर, धुरावर, कशावरच ढकलणार नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या, विलगीकरणाचा नियम मोडून, आणि डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत होत्या. दुयशेन आपल्या टोपीच्या कानांची गाठ सोडत आणि बांधत बसले होते. नंतर आबांनी गाडी सुरू केली आणि आम्ही नारीनला उतरलो.

तर अशी इकडची हकिगत. सालिमाताईंना आदर, पोरांच्या कपाळाचे मुके, पोपटाला जे काय देतात ते. तुमची सावली आमच्यावर अशीच राहो, पण जरा लांबून, कारण ती पडली की सासूबाई तिलाही चापान घालतील. तुमचा धाकटा साडू, तोलोगोन.

ता. क. नौरोजला तुम्ही येणार हे कळल्यापासून सासूबाईंनी चापान इस्त्री करून ठेवला आहे. थोरला जावई दारातून आत येणार आणि त्याची भेट टांगलेल्या मांसाच्या शेजारी दिसणार, ही कल्पना त्यांना सहन होत नाही; विलगीकरण तेवढ्यापुरतं उठवावं असं त्या मला रोज सुचवतात, आणि सरकारचा धाक फार दिवस टिकत नाही. म्हणून विनंती. तुम्ही व्हरांड्यात आल्या आल्या बूटसुद्धा न काढता मोठ्याने म्हणायचं, वा, आमच्याकडे बिश्केकला मोठमोठ्या लोकांत हल्ली व्हरांड्यातच ठेवतात! एवढंच. चापान तुम्ही घाला, मानाच्या जागेवर तुम्ही बसा, गाद्या तुमच्या मागे. तुम्हाला घाम आला तर मी थर्मामीटर आणीन.

दुसरं ता. क. खरं पत्र इथून पुढे आहे. आबा म्हणतात, खिंडीतून एकटा ट्रक जायचा नाही, दोन हवेत, एकाच्या मागे एक. अब्दिकादिरनंतर डेपोत हा नियमच झाला होता म्हणे. म्हणजे दुयशेनना किन्नरच्या जागेवरून उठवून त्यांना त्यांचा ट्रक द्यायला हवा, आणि सासूबाई म्हणाल्या की एक थोरल्याने आणला, दुसरा धाकट्याने आणावा, हे ओघानेच आलं. तरी कृपा करून तुम्ही ज्या माणसाकडून ते कार्ड घेतलंत त्याच्याचकडून तसंच आणखी एक घ्या. वर मी त्याच्याबद्दल जे जे लिहिलं आहे ते रागात लिहिलं आहे. राबलेलं असलं तरी चालेल, निवृत्त असलं तर उत्तमच, दुयशेनचं त्याच्याशी जमेल. फक्त ते तुम्ही घेतलं हे सालिमाताईंना सांगू नका, आणि लाल फीत लावू नका. फीत मी इथे लावीन.

तिसरं ता. क. मिनीबस वाऱ्यामुळे सुटली नाही म्हणून पिशवी परत उघडली. काल आबा नारीनहून माल भरून परत निघाले. माथ्यावर थांबले, दुवा झाली, घाट उतरले, आणि सारी-बुलाकला कुणी काही न बोलता त्यांनी गाडी बाजूला घेतली. सासूबाईंना म्हणाले, "बुरुलकान, चहा आण. तीन वाट्या." सासूबाई उठल्या. एक आबांनी घेतली, एक दुयशेनना दिली, तिसरी स्क्रीनसमोर ठेवली आणि तिच्यावरची वाफ संपेपर्यंत कुणी हललं नाही. चहा माझ्या समोवारातला होता. एवढं मात्र सालिमाताईंना जरूर सांगा.